घंगाळातले दगड

वाशीच्या सेक्टर एकमधल्या गाळ्यांच्या ओळीत रोहिदास कोळीचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. भिंतीला लागून गोड्या पाण्याच्या टाक्या, त्यांत गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश. कुठल्याही अशा दुकानात असतात तेच. दाराशी मात्र एक टाकी वेगळी आहे. तिच्यात उरणच्या समुद्राचं पाणी आहे, गोब्रा माशाची पिल्लं आहेत, आणि तळाशी भोकाभोकांचे, बेढब, मळकट दगड रचलेले आहेत. दगडांवर कालवं चिकटलेली आहेत आणि शंखात राहणारे छोटे खेकडे त्यांच्यावर चढउतर करत असतात. असे दगड कुठे मिळतील, असं गिऱ्हाइकं विचारतात. आता मिळत नाहीत, असं रोहिदास सांगतो. हे विकत द्याल का, असं कुणी विचारलं तर तो विषय बदलतो.

दगड त्याच्या आईचे आहेत.

येसूबाईने उरणजवळच्या एका खडपावर, समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावर, तरुणपणापासून कालवं फोडली. ओहोटी लागली की पाटी आणि टोकदार लोखंडी हातोडी घेऊन जायचं, भरती चढेपर्यंत वाकून काम करायचं, मग तीच कालवं बाजारात वाट्यांनी विकायची. त्या खडपावरचा सगळाच दगड काळा कातळ नव्हता. काही भाग वाळू आणि शिंपल्यांचा चुरा वर्षानुवर्षं एकमेकांना धरून घट्ट झालेला होता. हलका, सगळा छिद्रांनी भरलेला. गावात त्याला करल म्हणतात. ऐंशीनंतर त्या बाजूला बंदराच्या कामाचा भराव पडू लागला. खडप बुजण्याआधीच्या एका उधाणाच्या ओहोटीला येसूबाई सून चंद्रा हिला घेऊन गेली, कालवांसकट सुटे झालेले करलाचे दगड पाटीत भरून आणले, आणि जुन्या जाळ्यात घालून धक्क्याच्या खांबाला बांधून ठेवले. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. पुढे मुलाने वाशीच्या दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी मांडायचं ठरवलं तेव्हा तिने ते त्याला दिले. एकच अट घातली.

"दगड माजं हायत. तुज्या काचंत ऱ्हाऊ दे. पन मेलं तर मना सांगल्याबिगर फेकू नको."

ज्याच्यावर काही चिकटत नाही तो दगड मेलेला, असं त्यांच्याकडे बोलतात. त्यामुळे रोहिदासला यात नवल वाटलं नाही.

रोहिदासचा बाप जानू होडीवाला होता. दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी होडी किनाऱ्यावर ओढून, तिचं बूड खरवडून त्याला तांबं घातलेला रंग लावायचा, हे काम लहानपणी रोहिदासकडे असे. रंग महाग, म्हणून बापाचा डोळा सतत ब्रशवर. हा रंग लावला की बुडाला कालवं, शिंपल्या धरत नाहीत आणि होडी हलकी पळते. जानू गेल्यावर होडी चुलत्याकडे गेली. खाडीपूल होऊन वाशीत इमारती उभ्या राहत होत्या. रोहिदास तिथे आधी बांधकामावर पाणी मारायला, मग एका गोदामावर राखणदार म्हणून लागला. राखणीच्या फावल्या वेळात त्याने लोणच्याच्या बरण्यांत गप्पी वाढवले आणि शाळकरी मुलांना विकले. ऐंशी साली त्याने गाळा घेतला. मागच्या खोलीत तो आणि बायको चंद्रा राहू लागले.

समुद्राचं पाणी तो उरणहून तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमधून एसटीने आणत असे. त्या गाडीचा कंडक्टर सिताराम याने पहिल्या दिवशी कॅनमध्ये काय आहे असं विचारलं होतं. समुद्र, असं रोहिदास म्हणाला. "मग हाफ तिकीट लागंल," सिताराम म्हणाला, आणि लगेजचे पैसे घेतले. तेव्हापासूनची ओळख.

टाकी नावारूपाला आली ती शेजारच्या गाळ्यातल्या दाताच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टर अरविंद गोखल्यांना माशांचा नाद होता. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसवायचा, इंजेक्शनने जबडा बधिर व्हायला वेळ लागतो तेवढ्यात येऊन टाकी बघून जायची, ही त्यांची रीत. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्यातल्या माशांवरचं एक परदेशी पुस्तक होतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत रोहिदासने मुंबईच्या बाजारातून मद्रासहून आलेले पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणून टाकीत सोडले. आठवडाभरात त्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले, मग गोब्र्यांच्याही अंगावर आले. मासे दगडांना अंग घासू लागले. डॉक्टरांनी पुस्तक काढलं. त्यात उपाय होता मोरचुदाचा. मोरचूद म्हणजे तांब्याचाच एक क्षार. निळे खडे, बागाईतदार फवारतात ते. डॉक्टरांनी औषधांच्या काट्यावर तोलून प्रमाण काढून दिलं. खेकडे आणि गोगलगायी या औषधाने मरतात, ते सगळे आधी बाहेर काढा, असंही पुस्तकात होतं. रोहिदासने ते काढून बादलीत ठेवले. दगडांवरची कालवं कशी काढणार, म्हणून ती तशीच राहिली आणि मेली. त्याला वाईट वाटलं. पण कालवं पुन्हा धरतील, दगड तर आहेत, असा त्याने विचार केला.

मासे बरे झाले. मोरचुदाचं पाणी फेकून दिलं, टाकी घासली, दगड नळाखाली ब्रशने धुतले, उरणहून नवं पाणी आणलं. मग बादलीत जपलेले खेकडे परत सोडले. दुसऱ्या दिवशी सगळे शंखातून अर्धे बाहेर लोंबकळत पडले होते. गोगलगायींनी काच सोडली होती.

डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा मागच्या बाजूच्या टिपांत त्यांना कारण सापडलं. सच्छिद्र, चुन्याचा दगड तांबं पिऊन घेतो आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडतो. शेवटी सल्ला होता: असे दगड पुन्हा वापरू नयेत. डॉक्टरांनी हा सल्ला वाचून दाखवला. रोहिदासने एकच विचारलं, भिजत घालून निघणार नाही का. निघेलही, डॉक्टर म्हणाले. स्वच्छ भांड्यात, खाऱ्या पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा, बघू.

इथे चूक झाली, आणि ती अगदी घरातल्या वळणाची चूक होती.

चंद्राच्या लग्नात तिच्या माहेरून तांब्याचं मोठं घंगाळ आलं होतं. आंघोळीचं पाणी काढायचं, सणासुदीला चिंच लावून लखलखीत घासायचं. घरात त्याच्याइतकं स्वच्छ भांडं दुसरं नव्हतं. प्लास्टिकच्या बादल्यांत मासे ठेवलेले असत, त्यांना वास येई. रोहिदासने दगड घंगाळात घातले, वर समुद्राचं पाणी ओतलं, आणि ते मोरीत ठेवलं. दर आठवड्याला पाणी बदललं. चंद्राने एकदा सांगितलंही की खाऱ्या पाण्याने घंगाळ आतून नव्यासारखं लालभडक झालंय, यंदा चिंच वाचली. रोहिदासला त्यात काही खटकलं नाही. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे त्याने जन्मापासून ऐकलेलं होतं.

दोन महिन्यांनी त्याने दगड टाकीत लावले आणि उरणच्या मोरा धक्क्यावरून धरून आणलेले खेकडे सोडले. ते आधीच्यांपेक्षा लवकर मेले.

आता आईला सांगायला हवं होतं. तो टाळत राहिला. दगड त्याने टाकीतून काढून पुन्हा घंगाळात, पुन्हा नव्या पाण्यात ठेवले. फेकले नाहीत, कारण न सांगता फेकायचे नव्हते; आणि सांगायचं तर ते फेकावे लागणार होते.

शिमग्याला येसूबाई स्वतःच आली. सुक्या बोंबलांची पिशवी सुनेच्या हाती देऊन ती मोरीत पाय धुवायला गेली आणि तिथेच थांबली.

"सूनबाय, घंगालात काय ठेवलंस?"

"तुमचं दगड हायत, आय. त्यांचं औषध काढायला ठेवलंत."

येसूबाईने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"कळकलंय," ती म्हणाली. "खारं पानी बिनकल्हईच्या भांड्यात? ताक ठेवशील तू ह्याच्यात?"

बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे चंद्रालाही माहीत होतं, रोहिदासलाही. पण घंगाळ हे आंघोळीचं भांडं. त्याला कल्हई कुणी करत नाही, आणि त्यात खायचं काही कुणी ठेवत नाही. त्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. पाण्याच्या कडेला घंगाळावर हिरवट-निळी रेघ उमटली होती. मोरचुदाचे खडे भिजवल्यावर बादलीला उमटली होती, तीच.

डॉक्टरांना बोलावलं. ते हातातला छोटा आरसा तसाच घेऊन आले, मोरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि घंगाळात डोकावले.

"तांबं काढायला तांब्यात ठेवलेस, रोहिदास?"

"स्वच्छ भांडं घे, असं तुमीच बोललात. घरात याच्यापरीस स्वच्छ दुसरं काय हाय?"

डॉक्टरांच्या स्वतःच्या घरी रोज रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवत आणि सकाळी सगळे ते पीत. कसलं भांडं, हे विचारायचं त्यांच्याही मनात आलं नव्हतं. ते नुसते हसले, आणि मग चंद्राही हसली. येसूबाई हसली नाही.

"मंग आता दगड मेलं का?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, माहीत नाही. पुस्तक तर फेका म्हणतं. रोहिदास मोरीच्या काठावर बसला होता. त्याने होडीच्या बुडाची गोष्ट काढली. दर वर्षी रंग का लावावा लागतो? वर्षभरात समुद्र तांबं खाऊन टाकतो म्हणून. रंग पातळ झाला की बुडावर पहिल्यांदा खरखर येते, मग शिंपल्या. होडीचं तांबं समुद्र खातो, तर दगडाचंही खाईल. डॉक्टरांनी शंका काढली: होडीचा रंग वरवरचा असतो, दगडाचं तांबं आतपर्यंत गेलंय, आणि घंगाळाने त्यात भर घातलीय. रोहिदासने मान्य केलं. होडीला एक वर्ष लागतं, दगडाला जास्त लागेल. पण समुद्राला पाणी बदलावं लागत नाही, असं तो म्हणाला.

समुद्रात परत न्यायचे म्हणून येसूबाईने दगड जुन्या जाळ्यात भरायला घेतले. डॉक्टरांनी त्यात एक गोष्ट सुचवली, ती सगळ्यांना पटली. शेजारी एक साधा दगड बांधा, औषध न लागलेला. नाहीतर दगडांवर काही धरलं नाही, तर ते तांब्यामुळे की मोसमामुळे, हे कसं कळणार? काळ्या कातळाचा एक तुकडा उरणला गेल्यावर येसूबाईनेच शोधला आणि दोन्ही जाळी त्याच जुन्या खांबाला बांधली.

त्यानंतरचं काम वाट बघण्याचं होतं. उधाणाच्या ओहोटीला खांब उघडा पडला की येसूबाई धक्क्यावर जाऊन जाळ्यांतून बोटं घालून चाचपून येई, आणि निरोप सितारामकडे देई. वाशीच्या थांब्यावर गाडी थांबली की सिताराम दारातूनच ओरडून सांगे, "रोहिदास, म्हातारी बोलली, अजून कोरं." थांब्यावरच्या लोकांना वाटे, घरात लेखी परीक्षा देणारं कुणीतरी आहे.

गणपतीत रोहिदास उरणला गेला तेव्हा काळ्या कातळावर पांढरे, तांदळाएवढे शिंपले गच्च बसले होते. करलाच्या दगडांवर काहीच नव्हतं. शेवाळही धड नव्हतं. डॉक्टरांनी सुचवलेला तुकडा नसता तर निदान मोसमाला दोष देता आला असता. येसूबाईने जाळ्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

त्या काळात दाराशीची टाकी रिकामीच होती. एका गिऱ्हाइकाने सुचवलं, त्यात संगमरवराचे खडे, प्लास्टिकचं शेवाळ आणि हवेच्या बुडबुड्यांनी उघडझाप करणारा शिंपला ठेव, लोकांना तेच आवडतं. रोहिदासने तसला शिंपला विकायला आणला. तो चांगला खपला. पण स्वतःच्या टाकीत त्याने ठेवला नाही. त्याने टाकी पुसून ठेवली आणि वर वर्तमानपत्र अंथरलं. टाकी मोडीत काढावी का, हे त्याने चंद्राला एकदा विचारलं. आईला विचारा, असं ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. निरोप तोच: अजून कोरं. मग शिमग्याच्या सुमाराला सिताराम गाडीतून खाली उतरला. तो कधी उतरत नसे. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. सितारामने दुकानात येऊन सांगितलं, "म्हातारीनं निरोप दिला नाही. बोलली, त्याला स्वतःला येऊन बघू दे."

रोहिदास तसाच उरणला परतणारी गाडी पकडून गेला. ओहोटी लागलेली होती. येसूबाई धक्क्याच्या पायरीवर बसली होती, उजव्या हाताच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. जाळं वर ओढलं तेव्हा करलाच्या दगडांवर पांढरी खरखर आली होती, आणि दोन-तीन जागी तिच्यापेक्षा मोठं, नखाएवढं काहीतरी कडेने उचललेलं होतं. नवी कालवं. त्यांच्या धारेनेच अंगठा कापला होता. तिने फडकं सोडून त्याला जखम दाखवली.

"बघ," ती म्हणाली. "कापतं."

आता रोहिदास घाई करणारा नव्हता. वरच्या थराने तांबं सोडलं असेल, आतल्याने नसेलही. बंद टाकीत ते साठत जाईल. डॉक्टरांचंही हेच मत पडलं. म्हणून सगळे दगड टाकीत न घालता एकच दगड चिनी मातीच्या मोठ्या बरणीत ठेवला, समुद्राचं पाणी घातलं, हवेची नळी सोडली, आणि एकच खेकडा सोडला. बरणी घेण्याआधी चंद्राने ती उलटीसुलटी करून डॉक्टरांना दाखवली. चालेल, ते गंभीरपणे म्हणाले. बाकीचे दगड धक्क्याच्या खांबालाच राहिले. येसूबाई मात्र दगडाबरोबर वाशीला आली आणि राहिली.

खेकडा पहिला दिवस जगला, आठवडा जगला. वाटाण्याएवढी कोलंबी टाकली की पुढे येऊन धरत होता. दुकान उघडताना रोहिदास आधी बरणीत डोकावून मग शटर वर करू लागला. पंधरा दिवस होत आले तेव्हा खेकड्याने खाणं सोडलं आणि तो दगडाच्या सांदीत जाऊन बसला.

एका सकाळी चंद्राने हाक मारली. बरणीच्या तळाशी, शंखाच्या बाहेर, खेकडा पडला होता. नांग्या, पाय, डोळ्यांचे दांडे, सगळं जागच्या जागी, फिकट, निश्चल. शंख बाजूला कलंडलेला.

रोहिदासने हवेची नळी काढली. नळी गुंडाळून खुंटीला लावली आणि बरणी रिकामी करायला दोन्ही हातांनी उचलली. डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी आले होते. त्यांनी बघितलं आणि पुस्तकाचं बरोबर होतं तर, असं हळू आवाजात म्हणाले. येसूबाई आतून आली. तिने मुलाला बरणी खाली ठेवायला लावली, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून मेलेला खेकडा दोन बोटांत धरून वर काढला. तो कागदासारखा हलका होता. तिने तो दाबला. आत काही नव्हतं. पाठीवर एक उभी चीर होती.

"ह्यो सदरा हाय," ती म्हणाली. "मानूस आत हाय."

मग तिने कलंडलेला शंख बोटाने सरळ केला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. अंगावर सावली पडली की तो बाहेर येत नाही. ते मागे सरले. डॉक्टरांचा पहिला पेशंट येऊन दारात उभा राहिला, गाल धरून; त्यालाही थांबवलं. काही वेळाने शंखाच्या तोंडातून एक मिशी बाहेर आली, मग दुसरी, मग गुलाबीसर, मऊ, ओल्या पिठासारखी नांगी. खेकड्याने कात टाकली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पाण्यात तांबं असतं तर कात टाकताना तो हमखास मेला असता, कारण तेव्हा तो सगळ्यात नाजूक असतो. ते पुस्तकात वाचून सांगितलं की अंदाजाने, हे रोहिदासने विचारलं नाही. तो खुंटीवरची हवेची नळी काढून परत बरणीत सोडत होता. पेशंटने विचारलं, आत यायचं का. डॉक्टर म्हणाले, या, या, आज दुखणार नाही.

त्याच आठवड्यात उरलेले दगड आले. सितारामने जाळ्याचे लगेजचे पैसे घेतले नाहीत. ओलं जाळं मात्र टपावर टाकायला लावलं.

ही शहाऐंशीची गोष्ट. टाकी तेव्हापासून चालू आहे. आजारी माशासाठी रोहिदासने मागच्या खोलीत वेगळी टाकी ठेवली आहे. तिच्यात दगड घालायचा नाही, हा नियम आहे. घंगाळ चंद्राने चिंच लावून घासलं आणि पुन्हा आंघोळीला घेतलं.

येसूबाई महिन्यातून एकदा उरणहून येते. सुरुवातीला आली की ती स्टूल टाकीसमोर ओढून बसायची आणि तास तास दगडांकडे बघत राहायची. आता ती टाकीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारत चहा पिते.